स्क्रूंची बरणी

सासरे टेबल जोडोत की कपाट, एखादा स्क्रू उरायचाच. तो बरणीत जायचा. सूचनांचा कागद वाचणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. फर्निचरच्या कारखान्यात असे कागद लिहिणाऱ्या सुनेला ते चिडवत, "'स्क्रू फिरवा', एवढं लिहायला पगार?" आज बाळासाठी तिच्याच कारखान्यातला पाळणा आला. "बाबा, मला विचारू नका," सून म्हणाली, "कागदाला विचारा." नाक मुरडत त्यांनी कागद उघडला. एकेका वाक्यातले किती शब्द तिनं खोडले होते, तिलाच ठाऊक. सासरे कुठेच अडखळले नाहीत. पाळणा उभा राहिला, हलवला तरी करकरला नाही. सवयीनं फरशीवर हात फिरवला; एकही स्क्रू नव्हता. "समोर बसून सांगितल्यासारखं लिहिलंयस गं," ते पुटपुटले. सुनेची मान ताठ झाली. सासऱ्यांनी बरणी रिकामी केली, स्वतः घासून तिच्या हातात दिली. "आता ही साखरेला घे."