हात पुरेल तिथे

नवी बाटली पिशवीतून काढून त्याने ओट्यावर ठेवली आणि तिचं लेबल मुद्दाम बायकोकडे वळवलं.

"बघ," तो म्हणाला. "काढून टाकलं एकदाचं."

मोरी तुंबली की ओतायचं ते औषध. आतला माल तोच, नाकाला झोंबणारा. लेबल मात्र नवं होतं आणि ते त्यानेच केलं होतं; छापखान्यात लेबलं करण्यातच त्याचा जन्म गेला होता. पिवळ्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.' बस्स. जुन्या लेबलावर त्या अक्षरांशेजारी एक चित्र असे. टाचा उंचावून, हात वर ताणून फळीवरचं काहीतरी घेऊ पाहणारी छोटी मुलगी, सगळी काळी, नुसती सावली. आणि तिच्यावर लाल फुली.

ती सावली त्यांच्या मुलीची होती.

अगदी खरोखरची. कारखानदाराला घाई होती आणि याला मनाने मूल रेखाटायला जमेना. म्हणून त्याने याच स्वयंपाकघरात भिंतीला कागद लावला, बायकोच्या हाती दिवा दिला, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि लेकीला म्हणाला, घे बघू. तिने हात ताणला. तो सावलीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवत राहिला. तिची एक वेणी सुटली होती, तीही तशीच उतरली. फुली दुसऱ्या दिवशी छापखान्यात मारली, पट्टी लावून, अगदी सरळ. त्यानंतर महिनाही झाला नसेल, साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. तोवर लेबल बाजारात आलं होतं.

औषधाचा आणि तापाचा काडीचाही संबंध नाही हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग? आपण आपल्या हाताने पोरीवर काट मारली, हे काही मनातून जाईना. वाण्याकडे जावं तर ती फळीवर ओळीने उभी. शेजाऱ्यांच्या मोरीत उभी. घरात तर रोजचीच. झोपायच्या आधी तो बाटलीचं लेबल गुपचूप भिंतीकडे करून ठेवी. सकाळी पाहावं तर ती पुन्हा समोर, हात वर करून. वर्षानुवर्षं असंच. त्याने बायकोला कधी विचारलं नाही. भल्या माणसाने बाटल्या फिरवत बसावं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटे, की ती म्हणेल, "मी नाही बाई हात लावला."

म्हणून कारखान्याने नवं लेबल मागितलं, तेव्हा त्याने चित्रच गाळून टाकलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोने ओल्या हातांनीच बाटली उचलली. सगळीकडून फिरवून पाहिली, पालथी करून तळही पाहिला.

"ती कुठे आहे?"

"काढून टाकली म्हणतोय ना. सुटलो आपण."

"तुम्ही काढून टाकलीत?"

"मग काय करणार? तुला तरी रोज बघवत होतं का ते?"

ती मोरीपाशी जाऊन वाकली आणि जुनी बाटली घेऊन आली. बाटली रिकामी होती, आतून लख्ख धुतलेली. लेबलावर पाण्याचा थेंब पडलेला नव्हता; सुटू लागलेल्या कडा तिने चिकटपट्टीने बसवल्या होत्या. तिने बाटली ओट्यावर ठेवली, लेबल समोर करून. हात इतका सवयीने वळला, की तो त्या हाताकडे बघतच राहिला.

"म्हणजे रोज तूच वळवायचीस?"

"मग? पोरीला रात्रभर भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, असं काय केलं होतं हो तिने?"

तो स्टुलावर बसला. इतकी वर्षं तो भलत्यालाच भ्यायला होता.

"त्या दिवशी तुम्ही कागद गुंडाळलात आणि निघालात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना. "घे म्हणाला होतात तिला. डबा खाली काढून दिलात का?"

त्याने आठवून पाहिलं. पेन्सिल आठवली, सुटलेली वेणी आठवली, कारखानदाराची घाई आठवली. डबा काही आठवेना.

"तू दिला असशील," तो म्हणाला.

"माझ्या हातात दिवा होता. मला वाटलं, तुम्ही दिलात."

नळ ठिबकत होता. दोघांनीही तो बंद केला नाही.

मग तो उठला. डबा अजून त्याच फळीवर होता, रंग उडालेला, पण वापरातला. आता त्यालाही टाचा उंचवाव्या लागल्या. डबा घेऊन तो ओट्यापुढे खाली बसला. ओट्याखालच्या फळ्यांसमोर हात आडवा धरून त्याने लेकीच्या उंचीचा अंदाज घेतला, पुन्हा थोडा खाली आणला आणि सगळ्यात खालच्या फळीवर डबा ठेवला. शेजारी जुनी बाटली. लेबलावरच्या पोरीचं तोंड डब्याकडे केलं.

बायको बघत होती. तीही हळूच खाली बसली आणि पुढे होऊन तिने डब्याचं झाकण सैल केलं.

"असं घट्ट नको," ती म्हणाली. "तिच्याने निघत नाही."