रतनच्या नावाची जागा

नारळ अंजनाबाईच्या हातात होता आणि हात काही केल्या वर जात नव्हता.

"आई, फोडा ना," विद्याधरभाऊ हळूच म्हणाले. ओठांवरचं हसू मात्र त्यांनी कॅमेऱ्यासाठी होतं तसंच ठेवलं. भाऊंची निवडणूक तोंडावर आली होती, आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या शहीद पोराचं स्मारक त्यांच्याच हातून व्हायचं होतं.

समोर काळ्या गुळगुळीत दगडावर नाव कोरलेलं होतं: नाईक रतन. सीमेवर गेलेला तिचा एकुलता एक मुलगा. हे नाव कुठेतरी लागावं म्हणून तिने भाऊंच्या ऑफिसचे उंबरठे झिजवले होते. "जागा कुठली देऊ, आई?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "कुठं पण द्या. पोराला दर्या दिसला पायजे, बस."

दर्या दिसणारी मोकळी जागा भाऊंच्या माणसांनी शोधून काढली. माणसं आली ती भर पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना. त्या दिवसांत वलांडीचे, म्हणजे मासळी टांगून वाळवायच्या मांडवाचे, बांबू उपटून ठेवलेले असतात. बोंबील वाळत घालायचं ते मैदान परक्या माणसाला ओसाडच दिसणार. अंजनाबाईला ते कधी रिकामं वाटलंच नव्हतं, म्हणून तर ते आपण मागतोय हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आता तिथे कुंपण घालून मंडप उभा केला होता. पाऊस सरला, बोंबील येऊ लागला, तरी बांबू कुंपणाबाहेर आडवे पडून होते. त्यांच्यावर बायका बसल्या होत्या, ओल्या बोंबलांच्या पाट्या पुढ्यात घेऊन, माश्या हाकलत.

"रतन अमर रहे," माईकवरून घोषणा झाली. मंडपातले ओरडले. बांबूंवरच्या बायकांनी पाट्यांवरून नजर उचलली नाही. तिरंग्यातली पेटी कोळीवाड्यात आली, त्या दिवशी याच बायकांनी ऊर बडवून घेतला होता. उद्यापासून पाटीतली मासळी कुजायला लागली की या बायका कुणाच्या नावाने बोटं मोडणार, ते अंजनाबाईला लख्ख दिसलं.

त्यांच्यातली जयंती उठून कुंपणापाशी आली. सगळ्यात जास्त माल तिचाच असायचा.

"फोड गो अंजने. पोर आमचा पण होता. आमी बघू काय ते."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अंजनाबाईने नारळ छातीशी धरला.

"भाऊ, यो दगड माज्या घरात लावा. चुलीकडची भिंत मोकळी हाय. हितं नको."

"आई, आता सगळं मंजूर झालंय," भाऊ दात न उघडता म्हणाले. "आणि घरात लावून बघणार कोण?"

"मी."

भाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माईककडे वळून "आईंना भरून आलंय," असं म्हणाले, तिच्या हातातला नारळ अलगद काढून घेतला आणि एका घावात फोडला. पाणी तिच्या पायांवर उडालं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. खोबऱ्याचा पहिला तुकडा वीरमातेला मिळाला.

तो मुठीत धरून ती मंडपाबाहेर आली. कुणाच्या नजरेला नजर द्यायची तिची छाती नव्हती, आणि घराची वाट तर या बायकांपुढूनच जात होती.

परत जाऊन बसलेल्या जयंतीने पुढ्यातली पाटी ओढून घेतली, थोडी सरकली, आणि बांबूवर अंजनाबाईला बसायला जागा करून दिली.