नव्या डब्यातले तेल

सकाळी दुकानात मधाच्या रंगाचे दिसलेले इंजिनाचे नवे तेल दुपारी त्याच डब्यातून काळेकुट्ट बाहेर पडले. ट्रकचे तेल इंद्रभान प्रथमच स्वतः बदलत होता. जुने तेल घमेल्यात काढून तो जेवून आला, एवढेच मध्ये घडले होते. ट्रकमध्ये भरलेला कापूस संध्याकाळपर्यंत शेगावला पोचला नाही, तर भाडे जाणार होते. त्याने झाकण आपटले.

“बा, डब्याले हात कोनं लावला?”

“म्या,” बैलगाडीचे चाक फिरवून पाहत त्याचा बाप कडूबा म्हणाला. “दरसाली नवं तेल तुह्या ट्रकले अन् काळं माह्या गाडीले. काऊन बे? माहे बैल काय सावत्र हायेत?”

नवे तेल आळीतल्या सगळ्या बैलगाड्यांच्या चाकांना पोचले होते. डब्यात ट्रकचेच जुने तेल होते.