शिशाचं अक्षर

टेबलावर गुडघा ठेवलेला होता. प्लास्टिकचा, आत खऱ्यासारखी हाडं असलेला, खास परीक्षेसाठी आणलेला डावा गुडघा. त्याच्यावर वाकून सर यंत्राचा उजेड नेमका वाटीवर आणत होते. एक्स-रे विभागात तीस वर्षं घासलेला माणूस, आणि आज छातीवर शिकाऊ पोरांसारखा बिल्ला: उमेदवार क्रमांक सात.

परीक्षक बाई काचेआड उभी राहून बघत होती. एके काळी ती याच सरांच्या हाताखाली शिकायला होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनीही ओळख दाखवली नव्हती. आल्यापासून नुसतं ‘मॅडम, मॅडम’ चाललं होतं.

नवा नियम आला होता. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यानं पहिल्या तारखेपासून यंत्राला हात लावायचा नाही. सर काम करता करता शिकलेले, त्यांच्याकडे कागद कुठला? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आज पास झाले तर यंत्राजवळ, नाहीतर तळघरात जुन्या फायलींचे गठ्ठे बांधत.

टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये शिशाची दोन अक्षरं होती. डाव्यासाठी एल, उजव्यासाठी आर. बटण दाबायच्या आधी त्यातलं बरोबर अक्षर गुडघ्याजवळ ठेवायचं, म्हणजे ते फोटोतच उमटतं. ते विसरला तो नापास, मग बाकीचं काम कितीही देखणं असो.

सरांनी ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पाहणार नाहीत हे बाईला सकाळपासून ठाऊक होतं. सर डार्करूमच्या जमान्यातले. आधी फिल्म काढायची, धुवायची, वाळवायची, आणि मग चहा पिता पिता पेनानं कोपऱ्यात अक्षर टाकायचं. ‘नंतर टाकू की’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

असंच त्यांनी एकदा टाकलं, आणि उलटं टाकलं. ऑपरेशनच्या वेळी एका बाईच्या धडधाकट गुडघ्यावर चीर पडली. मोठ्या डॉक्टरांनी जाब विचारला तेव्हा सरांनी शांतपणे शेजारच्या शिकाऊ मुलीकडे बोट दाखवलं. “मी नाही लिहिलं,” ती म्हणाली. “कशावरून?” सर म्हणाले. कशावरून ते तिला सांगता आलं नाही. तिला काढून टाकलं. दुसऱ्या गावी जाऊन ती पहिल्यापासून शिकली, पण तोवर वडील गेले होते. आपल्या मुलीनं एका बाईचा पाय बिघडवला, असं समजूनच गेले.

तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेली ही बाई ताकही फुंकून पीत आली. परीक्षेत बटणावर बोट ठेवलेल्या प्रत्येकाला ती एकदा विचारायची, “सगळं झालं ना?” नियमात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ती विचारायची. सकाळच्या सहा जणांपैकी चौघं तो प्रश्न ऐकून जीभ चावत टेबलाकडे पळाले होते.

सर काचेआड आले. बटणावर बोट ठेवून त्यांनी मान वळवली.

“मॅडम, घेऊ?”

प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

“तुमची मर्जी.”

यंत्र वाजलं आणि पडद्यावर गुडघा उमटला. कडा रेखीव, सांधा मोकळा, वाटी मधोमध. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि याचंही तिला बरंच वाटलं. काम येत नाही म्हणून नापास होण्यात काय मजा?

“कुठला गुडघा, सर?”

“डावा.”

“कशावरून?”

सर हसले. “अहो, समोर टेबलावर तर आहे.”

“डॉक्टरांकडे टेबल जात नाही. फोटो जातो.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग काचेतून ट्रेकडे. दोन्ही अक्षरं जागच्या जागी होती. नेहमीसारखं नंतर अक्षर टाकायला त्यांचा हात माउसकडे गेला, आणि अर्ध्यात थांबला. मग आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“बाळ,” ते हलकेच म्हणाले. शिकाऊ मुलींना ते अशीच हाक मारायचे. “एकदा विचारायचंस तरी.”

“मला कुणी विचारलं होतं?”

तिनं सात नंबरपुढे शून्य काढलं. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं होतं. फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

सर शिशाचा एप्रन उतरवून दाराजवळच्या खुंटीकडे गेले. एप्रन घडी घालून ठेवायचा नाही, आतलं शिसं तडकतं, टांगूनच ठेवायचा. हे त्यांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तोवर आठ नंबर आत आली होती. घामाघूम झालेली एक मुलगी. तिनं गुडघा लावला, उजेड जुळवला, धावत काचेआड आली आणि बटणावर बोट ठेवलं. ट्रेमधली दोन्ही अक्षरं ट्रेमध्येच होती.

“थांब गं,” बाई म्हणाली. आवाज आईसारखा मऊ होता. “सगळं झालं ना? एकदा टेबलाकडे बघून घे.”

मुलीनं जीभ चावली आणि ती परत पळाली. उघड्या दारातून शिसं टेबलावर टेकल्याचा टक् असा आवाज आला. सरांचा हात अजून खुंटीवरच्या एप्रनवरच होता.