समोरच्या खिडकीवरचं शिसं

"अहो, थांबा, थांबा! लोखंडी हातोडी नको!"

एडविन हॉरोबिन भर रस्त्यातून ओरडला, आणि ओरडल्याबरोबर त्याचे कान तापले. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तो वर्तमानपत्र आणायला निघे, समोरच्या थेल्मा बॅराक्लफ दिसल्या तर टोपीला हात लावी आणि हवेबद्दल एक वाक्य बोलून पुढे सटके. आठ महिने हेच चाललं होतं. हॅलिफॅक्समध्ये माणूस बोलावल्याशिवाय शेजाऱ्याच्या फाटकात पाऊल टाकत नाही. पण कुणी चुकीचं काम करताना दिसलं, की त्याला पुढेही जाववत नाही.

थेल्माबाई दर्शनी खिडकीच्या छोट्या छपरापाशी बांधलेल्या फळ्यांवर उभ्या होत्या. छपरावरचा जुना शिशाचा पत्रा काढून, गुंडाळून त्यांनी दाराशी ठेवला होता. नवा पत्रा समोर होता.

"गळतंय हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपणच बसवू. तुम्हाला कळतं यातलं?"

"थोडंफार," एडविन म्हणाला. "आमच्या घराण्यातच होतं ते."

धादांत खोटं! तो निवृत्त भूगोलमास्तर. त्याच्या घराण्यात कुणी कधी भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. मऊ शिशाला लोखंडी हातोडी चालत नाही, एवढंच काय ते त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पण बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि थेल्माबाईंचं हसू त्याला फार आवडायचं. एवढं पुरे होतं.

त्याने गुंडाळीकडे बघून मान डोलावली. "शंभर वर्षं तरी झाली असतील याला."

"तुम्ही म्हणता तर असतील," थेल्माबाई म्हणाल्या.

दुपारी एडविन ग्रंथालयात धावला. तिथलं शिसेकामावरचं एकुलतं एक पुस्तक घेऊन आला आणि परीक्षेला बसल्यासारखा वाचत बसला. दुसऱ्या दिवशी लाकडी थापी घेऊन हजर.

"आता अख्खा पत्रा एकसंध टाकायचा," तो रुबाबात म्हणाला, "आणि चारी बाजूंनी खिळे."

"बरं. मग उन्हात शिसं फुगलं तर ते कुठे जाईल?"

पुस्तकातलं ते प्रकरण एडविनने नुसतं चाळलं होतं. "तेच सांगणार होतो. तीन तुकडे करायचे. एकीकडूनच खिळे. दुसरी बाजू मोकळी."

"किती छान समजावता तुम्ही!"

शेजारचा रेग कुंपणावर कोपरं टेकून हे सगळं ऐकत होता. "बाई, गुरू झकास मिळाला हो तुम्हाला!" म्हणाला, आणि खोकल्याचं निमित्त करून हसत घरात गेला. एडविनने त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. रेगला चांगल्या कामाची किंमत कधी होती?

तीन दिवस थापी चालली. एडविनने संध्याकाळी वाकडी सोडलेली घडी सकाळी कशी कोण जाणे सरळ दिसे. शिसं आपोआप बसतं, असं त्याने थेल्माबाईंना समजावलं. त्यांनी ते अगदी मन लावून ऐकलं. चहा त्यांच्याकडचा, बिस्किटं त्याच्याकडची. तिसऱ्या दिवशी भिंतीतल्या खाचेत शिशाची कड खोचून झाली, तेव्हा तो 'एडविन' झाला होता आणि त्या 'थेल्मा'.

आता एकच भीती होती: पाऊस. छप्पर गळलं की घराणं, रुबाब, सगळंच वाहून जाणार, आणि हे फाटकही कायमचं बंद होणार. एडविनने आयुष्यात एवढ्या काळजीने आभाळ पाहिलं नव्हतं, आणि हा म्हणे भूगोलाचा मास्तर!

शनिवारी पाऊस आला, धो धो. थेल्माने त्याला आत बोलावलं. दोघं खिडकीत उभी राहून वर बघत राहिली. अर्धा तास झाला, थेंब नाही.

एडविनला राहवलं नाही. "थेल्मा, खरं सांगतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. घराणं वगैरे सगळी थाप. तुमच्याशी बोलायला मिळावं म्हणून मारली."

त्याला वाटलं, झालं, आता दार दाखवणार.

थेल्मा मनापासून हसली. "पण गळत नाही ना? बसा, केक कापते. तेवढी ती गुंडाळी दारातून आत घ्या, पाय अडखळतो."

एडविन हलका होऊन दाराशी गेला. गुंडाळी चांगलीच जड निघाली. हातातून सुटली आणि फरशीवर अर्धी उलगडली. शिसेकाम करणारे काम संपल्यावर कोपऱ्यात आपली खूण कोरतात, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा तो कारागीर कोण असेल म्हणून चष्मा सरसावून तो खाली वाकला.

सुबक, सराईत अक्षरात कोरलं होतं: 'थेल्मा बॅराक्लफ', आणि खाली गेल्या ऑक्टोबरातली तारीख.