अर्धा स्वर खाली

तिसऱ्या अंकाचा पडदा उघडायला पाच मिनिटं उरली होती आणि एर्सिलियाबाई विंगेत उभ्या होत्या. वय अडुसष्ट, ऑपेरात चव्वेचाळीस वर्षं, आणि आज निरोपाच्या प्रयोगात त्यांनी पहिल्यांदाच आपल्या गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून घेतली होती. सकाळी वादकांना नव्या पट्टीतल्या स्वरलिपीचे कागद गुपचूप वाटले गेले होते.

वाद्यवृंदाचा संचालक मासिमो म्हणाला होता, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण मासिमो पडला मिलानचा. इथली, पार्मा गावच्या ऑपेरागृहाची वरची गॅलरी त्याला काय ठाऊक! तिथे बसणाऱ्या खाटीक-न्हाव्यांना बायकोचा वाढदिवस आठवत नसे, पण कोणत्या साली कोण कुठे बेसूर झालं ते तोंडपाठ. चोरून पट्टी उतरवणाऱ्या एकाला त्यांनी शिट्ट्या मारून अर्ध्यातून घालवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गावात त्याला कुणी कॉफीसुद्धा दिली नव्हती.

श्वास बरगड्यांच्या तळाशी भरायचा, खांदा हलू द्यायचा नाही, सूर कपाळामागे धरायचा. हे सगळं बाईंना अजून जमत होतं. लागत नव्हता तो एकच, शेवटचा वरचा सूर. पण चोरी करून निरोप घ्यायचा, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

पडदा उघडला. मासिमोने काठी उचलली, तोच बाईंनी हाताने त्याला थांबवलं. त्या रंगमंचाच्या कडेपर्यंत आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "आज पट्टी अर्धा स्वर खाली आहे. मी अडुसष्ट वर्षांची आहे. कुणाला चालत नसेल, तर त्याने इथे येऊन गाऊन दाखवावं."

मासिमोने डोळेच मिटून घेतले.

मग गॅलरीतला म्होरक्या, ओरेस्ते खाटीक, कठडा धरून सावकाश उभा राहिला. बाईंच्या पहिल्या प्रयोगाला शिट्टी मारणारा तो हाच.

"बाई," तो वरून म्हणाला, "या गॅलरीला चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत. तुमच्या पहिल्या खेळाला मी एका दमात चढलो होतो. आज मध्ये दोनदा बसलो. गा तुम्ही."