मालकाच्या नावाची मेल

उदगीरच्या डाळमिलमध्ये ई-मेलच्या सुरक्षेचे नियम लावायला लातूरहून अक्षरा आली होती. मालक मडिवाळप्पांच्या नावानं बाहेरून येणारी मेल अडवायची, हा पहिला नियम. दुपारच्या आतच एक सापडली. "अप्पा, चोर गावला! तुमचंच नाव, तुमचंच आडनाव लावून लिहायलाय." अप्पांनी चष्मा चढवला. 'आज्जा, मी पाचवीत आहे. माझ्या नावाला वर्गात सगळे हसतात. पप्पा म्हणाले, ज्यांचं हे नाव त्यांनाच अर्थ विचार.' अप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. जातीबाहेर लग्न केलं म्हणून थोरल्या लेकाला बारा वर्षांपूर्वी उंबऱ्याबाहेर काढलं होतं. त्याचं नावही घरात निघत नव्हतं. आणि त्यानंच पोराला आज्ज्याचं नाव दिलं! "उडवून टाकू?" अक्षरानं विचारलं. "न्हाई. आत घ्यायला काय करावं लागतंय?" "एक बटण दाबायचं." अप्पांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला. "एवढंच?"